थंडीचे दगड

झिबेक दारात येऊन उभी राहिली तेव्हा उल्मेकेन आपा शुक्रवारच्या सात पोळ्यांतली सहावी तळत होती. चाहूल लागली, पण आपानं मान वळवली नाही. तळणीचा वास गेलेल्या माणसापर्यंत पोचतो म्हणतात, आणि तो पोचायच्या आधीच भांडणाला तोंड फोडणं काही बरं नव्हे. सातवी पोळी निथळून ताटात पडली, मग ती बोलली.

"का गं? दगड कमी पडले का तुम्हाला, का अजून एखादं पोर हवंय त्यांना?"

"सलाम, आपा," झिबेक म्हणाली. "शिव्या आत येऊन खाते. बाहेर वारा फार आहे."

चिवट पोरगी. वर्षापूर्वी एसेनला शेवटचं घरी आणलं तेव्हाही ती आल्माटीहून दोन दिवस रेल्वेत बसून आली होती, आणि आपानं सगळ्या गावादेखत तिला उंबऱ्यावरून परत लावलं होतं. एसेन म्हणजे आपाचा एकुलता एक मुलगा; आईला तोही आपाच म्हणायचा. तो आणि ही झिबेक आल्माटीच्या एका संस्थेत शेजारशेजारच्या टेबलांवर काम करायचे. दोघांचं लग्न होणार हे आम्हा गाववाल्यांना त्या दोघांच्या आधी ठाऊक होतं. मग संस्थेत ती सभा झाली. मोठ्या प्राध्यापकांनी एसेनला खोटारडा ठरवलं, आणि झिबेक खाली मान घालून गप्प बसली. एसेननं हे घरी सांगितलं नव्हतं, पण अशा गोष्टी सांगाव्या लागत नाहीत, त्या चालत येतात. आपाच्या लेखी तिचं पोर तिघांनी मारलं: दगडानं, प्राध्यापकानं आणि या पोरीनं.

पण रविवारी एसेनला जाऊन वर्ष झाल्याचं जेवण होतं. अशा वेळी दारात आलेल्याला, मग तो वैरी का असेना, चहा दिल्यावाचून घालवत नाहीत. आपानं पाय आपटत समोवर पेटवला.

त्या दगडाचं आधी सांगायला हवं. आमच्या गावामागचा पांढरा कडा कधीकाळी समुद्राचा तळ होता. शार्कचे दात सापडतात तिथं, आम्ही पोरांच्या गळ्यात बांधतो. एसेन म्हणायचा, "आपा, त्या चिखलात लोखंडाची धूळ होती, पिठाहून बारीक. खाली बसताना तिचा कण अन् कण उत्तरेकडे तोंड करून बसला. मेंढ्या कशा सगळ्या वाऱ्याकडे पाठ करून बसतात, तसा. मग चिखलाचा दगड झाला, आणि मेंढ्या काही उठल्या नाहीत." त्याचं काम एवढंच, की दगडात यंत्रानं गोल भोक पाडायचं, आतली बोटाएवढी कांडी मोडून घ्यायच्या आधी होकायंत्र लावून तिच्यावर बाण काढायचा, आणि संस्थेतल्या यंत्रात घालून बघायचं, की मेंढ्या कुठं तोंड करून बसल्यात.

तर आमच्या कड्यातल्या मेंढ्या भलतीकडेच बघत होत्या. जवळजवळ सगळ्या, वीस अंश उजवीकडे. एवढ्या मेंढ्या एकदम चुकत नसतात, तेव्हा जमीनच वळली असणार. आमचा सगळा मांगिस्ताऊ प्रांत, उंटांसकट, कबरींसकट, हळूच फिरून बसला होता आणि कुणाला पत्ता नव्हता. हे छापून आलं. आपानं तो कागद दुकानात दाखवला, टपालात दाखवला, रेल्वेच्या फलाटावर अनोळखी माणसांना दाखवला. कागद इंग्रजीत होता, तिला त्यातलं एक नाव तेवढं वाचता येत होतं.

"मग उल्मेकेन, माझी नमाजाची चटई किती सरकवू आता?" कोशकार आतानं तिला विचारलं होतं. 'आता' म्हणजे आमच्यात आजोबा; कोशकार आता म्हणजे आमच्या गावातला सगळ्यांत थोरला माणूस, आणि तोंडानं मिरची. गाव आठवडाभर हसलं. आपाही हसली.

पुढच्या जूनमध्ये दुसऱ्या लोकांनी येऊन त्याच कड्यात भोकं पाडली. त्यांच्या मेंढ्या सरळ निघाल्या. ऑगस्टमध्ये एसेन स्वतः गेला, त्याच्याही सरळ निघाल्या. त्यानं ते लपवलं नाही, वेडं ते, आपणहून जाऊन सांगितलं. प्राध्यापक म्हणाले, "एकाच माणसानं एकाच कड्यात मोजलेलं एकदा असं आणि एकदा तसं? मग पहिले आकडे तुम्ही घरी बसून लिहिलेत." नोकरी गेली. घर फिरलं की वासे फिरतात, तसं गावही फिरलं. कोशकार आताचं ते चटईचं बोलणं पोरं एसेनच्या तोंडावर ओरडायला लागली.

तो घरी आला, आणि थंडी पडल्यावर रोज कड्यावर जायला लागला. "माझी चूक कुठं झाली ते मला बघायचंय, आपा. एवढं कळलं की झालं," म्हणायचा. नाही कळलं. पावसानं भिजलेला कड्याचा कंगोरा एका सकाळी त्याच्या अंगावर आला.

आमच्याकडे मरण कुणी सरळ सांगत नाही. कोशकार आता आला, गालिच्यावर बसला आणि म्हणाला, "उल्मेकेन, हातावरचा ससाणा दोरी तोडून उडाला, तर माणसानं काय करावं?" आपानं त्याच्या अंगावर चहाची किटली फेकली होती.

आता त्याच गालिच्यावर झिबेक बसली होती. तिनं पिशवीतून निळ्या पुठ्ठ्याची एक वही काढली. कड्याकडे जातानाची एसेनची वही. अक्षर बघून आपानं हात पुसले.

"त्याचं कपाट रिकामं करायला मला सांगितलं," झिबेक म्हणाली. "फेकून द्या म्हणाले. मी घरी नेली आणि वाचली. चार महिने वाचतेय, आपा."

"वर्षापूर्वी वाचायची होतीस."

"हो," झिबेक म्हणाली. मग तिनं वही उघडून आपापुढे सरकवली. "हे बघा. प्रत्येक भोकाच्या नोंदीसमोर तो हवा लिहायचा. थंडी. थंडी. थंडी, वारा. ही पहिल्या वेळची पानं. सगळे दगड वळलेले. आणि इथं हे अकरा बघा. ऊन, दुपार. त्याच महिन्यात, त्याच कड्यात. हे अकराच्या अकरा सरळ आहेत. ऑगस्टमधलेही सरळ. थंडीचे दगड वळतात आणि उन्हाचे वळत नाहीत."

"थंडीनं होकायंत्र बिघडतं का?"

"नाही ना. पण आपा, आकडे रचणारा माणूस थंडीचे वेगळे आणि उन्हाचे वेगळे कशाला रचेल? त्यानं रचले नाहीत. जे दिसलं तेच लिहिलं. हे मला आता शपथेवर सांगता येतं, पण कारण सापडत नाही तोवर कुणी ऐकणार नाही. कारण सापडलं तर त्याचं नाव धुऊन निघेल. म्हणून आले. तुम्ही त्याला कड्यावर जाताना रोज बघितलंय. थंडीत तो वेगळं काय करायचा? चहाची बाटली जवळ ठेवायचा? हातमोजे? लोखंडाचं काहीही असलं तरी..."

तिचं वाक्य संपायच्या आधीच आपाला कळलं होतं.

थंडीत तो कोट घालायचा. ऊन चढलं की काढून दगडावर टाकायचा.

आपानं चहा ओतायला घेतला. पेला भरला, भरतच गेला, काठोकाठ. आता आमच्याकडे पाहुण्याला चहा अर्ध्याहून कमीच ओततात, म्हणजे पुन्हापुन्हा ओतता येतो. काठोकाठ पेला म्हणजे पी आणि वाट धर. झिबेकनं त्या पेल्याकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला. तिनं वही मिटली, पदर सावरावा तसा डोक्यावरचा रुमाल सावरला आणि उठली.

"बरं, आपा. कळलं. वही ठेवून जाते, तुमचीच आहे."

आपानं तिला थांबवलं नाही. पोरगी बूट घालायला लागली. एकच बूट राहिला होता. ती गेली असती, आणि कधीच कुणाला काही कळलं नसतं. कोट रविवारी बाकीच्या कपड्यांबरोबर कुणा नातेवाइकाला दिला गेला असता. दगड दोषी राहिला असता, प्राध्यापक दोषी राहिला असता, ही पोरगी राहिली असती. आपाला एक शब्दही खोटा बोलावा लागला नसता, नुसतं गप्प बसायचं होतं. आणि एसेन खोटारडा राहिला असता.

"बस खाली," आपा म्हणाली. "लक्ष नव्हतं माझं. मुद्दाम नाही भरला."

पेटीतून तिनं कोट काढला. धुऊन, घडी घालून ठेवला होता. खांद्यावर पांढऱ्या मातीचा डाग राहिला होता, तो तीन वेळा धुऊनही गेला नव्हता. तिनं झिबेकच्या हातात कात्री दिली आणि डाव्या छातीवरच्या अस्तरावर बोट ठेवलं.

"इथं उसव."

"काय आहे यात?"

"उसव म्हणते ना."

झिबेकनं शिवण उसवायला घेतली. कात्रीचं टोक आपोआप कापडाला चिकटलं आणि तिचे हात थांबले. आतून कातड्याचा तिकोनी तावीज निघाला, आणि ताविजात, चिमूटभर अंगणातल्या मातीबरोबर, साखरेच्या खड्याएवढा काळा तुकडा.

आपाचा नवरा स्टेशनवर रेडिओ दुरुस्त करायचा. तो गेल्यावर त्याच्या पेटाऱ्यात भोंग्याचं फुटकं चुंबक राहिलं होतं. एसेन पहिल्यांदा कड्यावर राहायला निघाला तेव्हा कोट घेऊन आईपुढे बसला होता. "आपा, याची चेन काढ, लोखंडी बटणं काढ, हाडाची लाव. लोखंडाचं काही नको अंगावर." तिनं चेन काढली, बटणं काढली, हाडाची लावली. तो झोपल्यावर त्याच बैठकीत हे शिवलं. लोखंडाला ओढतं ते पोरालाही घराकडे ओढेल, एवढाच तिचा हिशेब. सुई सारखी त्याला जाऊन चिकटत होती आणि ती एकटीच हसत होती. सांगितलं की ताविजाचा गुण जातो, म्हणून त्याला सांगितलं नाही.

"मला वाटलं, हे लोखंड थोडंच आहे," ती म्हणाली. "हे तर लोखंडाला ओढणारं. लोखंड नको म्हणाला होता. चुंबक नको असं कुठं म्हणाला?"

झिबेक पांढरीफटक पडली होती. मग घाईघाईनं म्हणाली, "एवढ्याशा तुकड्यानं काही होत नाही, आपा. खरंच. होकायंत्र हातात असतं, हे कुठं छातीवर, अस्तराच्या आत. काही संबंध नाही याचा."

"खोटं चांगलं बोलतेस. सभेत बोलायला हवं होतंस."

एसेनचं होकायंत्र भिंतीवर टांगलेलं होतं, त्याच्याबरोबरच परत आलेलं. आपानं ते चटईवर ठेवलं. काटा डुलला आणि थांबला. तिनं तावीज पुन्हा कोटात सारला, कोट अंगात घातला, गुडघ्यावर बसली, आणि एसेन कड्यापुढे जसा वाकायचा तशी होकायंत्रावर वाकली. शेकडो वेळा लांबून बघितलेलं वाकणं होतं ते. कडा एकाच बाजूला तोंड करून उभा, तेव्हा तोही दर वेळी एकाच बाजूनं वाकायचा. काटा हळूच सरकला आणि भलतीकडे जाऊन थांबला. ती मागं झाली, काटा परत आला. पुन्हा वाकली. पुन्हा गेला.

"पुरे, आपा," झिबेक म्हणाली.

आपा वाकत राहिली. झिबेकनं होकायंत्र उचलून घेतलं तेव्हा ती तशीच चटईवर कपाळ टेकून पडली, आणि वर्षभर जे तिनं दगडाच्या आणि प्राध्यापकाच्या नावानं रडून घेतलं होतं ते सगळं आता तिला स्वतःच्या नावानं रडावं लागलं. झिबेक तिच्या पाठीवर हात फिरवत बसली. तिलाही रडू येत होतं, पण दोघींनी एकदम रडून चालणार नव्हतं.

"कमरेचा पट्टा काढून ठेवायचं गं माझं शिंगरू," आपा म्हणाली. "विजारीला नाडी बांधून जायचं. घड्याळ घालायचं नाही. पोरं हसायची. आणि मी."

"तुम्हाला माहीत नव्हतं."

"चुंबकानं काम केलं बघ. त्याला घरी आणलं. जिवंत आण म्हणून सांगायचं राहिलं माझं."

झिबेकनं होकायंत्र परत भिंतीवर टांगलं. मग ती म्हणाली, "सभेत मी गप्प बसले ते घाबरून नाही, आपा. मलाही वाटलं होतं की त्यानं रचले. त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं, आणि त्याला ते दिसलं."

आपा उठून बसली. तिनं रुमालाच्या टोकानं तोंड पुसलं. "वर्षभर शिव्या दिल्या तुला."

"ऐकू यायच्या. एकदोन बऱ्या होत्या."

आपाला हसू फुटलं, आणि त्याची तिला लाज वाटली. मग दोघींनी गार झालेला तो काठोकाठ पेला अर्धा अर्धा प्यायला.

"मी लिहीन," झिबेक म्हणाली. "तुमचं नाव कशाला? लिहीन की त्याच्या कोटाच्या खिशात एक चुंबक राहून गेलं होतं. तेवढं पुरे."

"राहून गेलं होतं म्हणजे? तो विसरला होता?"

"तसंच काहीसं."

"म्हणजे पुन्हा चूक त्याचीच." आपाचा आवाज चढला. "नाडी बांधून जाणारं पोर खिशात चुंबक विसरेल? कुणी मानेल? आईनं शिवलं होतं असं लिही. त्याला माहीत नव्हतं असं लिही. ओळीत आधी ते लिही."

"गावात कळेल, आपा."

"कळू दे की. ते काम मी करते. लिहिण्याचं तू बघ."

रविवारी अंगणात दीडशे माणसं जेवली. एक म्हातारी उंटीण कापली होती. जेवणानंतर कोशकार आता काठी टेकत उभा राहिला, गेलेल्याबद्दल चार शब्द बोलायला. "भाऊबंदांनो, एक ससाणा होता," त्यानं सुरू केलं, आणि आपा बायकांच्या रांगेतून उठली.

"खाली बसा आता. मागच्या वेळीही ससाणाच होता," ती म्हणाली. "आज सरळ ऐका. माझ्या पोरानं आकडे खोटे लिहिले नव्हते. त्याच्या कोटात मी चुंबक शिवलं होतं, त्याला न सांगता. त्यानं होकायंत्र फिरलं, आणि जमीन वळलीय असं त्याला वाटलं. ती चूक शोधायला तो रोज जायचा. अंगावर घेऊन जायचा आणि शोधायचा. खोटारडा नव्हता तो. ज्यांनी ज्यांनी म्हटलं त्यांनी आता मला काय म्हणायचं ते म्हणा."

समोवरचं पाणी उकळत होतं, ते कुणी उतरवलं नाही. माणसं निघाली तेव्हा एकेक जण येऊन तिचा हात दोन्ही हातांत धरून गेला. कोशकार आता सगळ्यांत शेवटी आला.

"ते चटईचं मी बोललो होतो," तो म्हणाला.

"बोलला होतात."

"त्याच्या तोंडावर नव्हतो बोललो."

"मीही हसले होते," आपा म्हणाली. "जा आता, वारा सुटलाय."

कपडे वाटून झाले होते. कोट तेवढा तिनं बाजूला ठेवला होता, झिबेकसाठी. झिबेकची गाडी संध्याकाळची होती. ती खिडकीशी बसून कागदावर लिहीत होती, खोडत होती. शेवटी तिनं वाचून दाखवलं. "मोजणी करणाऱ्याच्या कोटाच्या अस्तरात त्याच्या आईनं, त्याच्या नकळत, चुंबकाचा तुकडा शिवलेला होता. थंडीच्या दिवसांतली सगळी मोजमापं त्यामुळे फिरलेली आहेत. उन्हातली मोजमापं बरोबर आहेत."

"त्याचं नाव आहे ना वर?"

"सगळ्यांत वर त्याचंच आहे."

आपानं मान डोलावली. मग विचारलं, "का शिवलं होतं, ते नाही लिहायचं?"

"त्याला तिथं जागा नसते, आपा."

"बरं. ते राहू दे माझ्याकडे."

तावीज तिनं एसेनच्या कबरीत पुरायचा ठरवला होता, पण अजून तो तिच्या खिशातच होता. कोट तिनं मांडीवर घेतला. डाव्या छातीवरचं अस्तर उसवलेलं लोंबत होतं, तसं पोरीला कसं द्यायचं? तिनं सुई काढली. दोरा तीनदा ओठांनी ओला केला, तीनदा चुकला. मग सुई तिनं झिबेकपुढे धरली, झिबेकनं दोरा ओवून दिला, आणि आपानं ती रिकामी जागा बारीक टाक्यांनी शिवून टाकली.